जुने जॉन्सन आउटबोर्ड इंजिन सुरू होते, पण मंद गतीवर बंद पडते, काय करावे?

आपले होडीच्या मागे लावायचे हे इंजिन १९५०च्या दशकातील दहा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक असल्याचे आपण लिहिले आहे. कार्ब्युरेटरला (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाला) हात लावण्याआधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरील जड चाक, काढून दोन्ही पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) स्वच्छ करावेत आणि त्यांतील फट ०.०२० इंच ठेवावी. या काळातील इग्निशन कॉइलचे (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या गुंडाळीचे) आवरण बहुधा तडकलेले असते, तसे दिसल्यास कॉइल बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पेट्रोलच्या २४ भागांस टू-स्ट्रोक ऑइलचा १ भाग मिसळावा. ५०:१ हे प्रमाण या इंजिनांसाठी नव्हे, त्याने बेअरिंगची हानी होते.

इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवूनच ते चालवावे, कारण पाण्यावाचून थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचे रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक) पाहता पाहता जळते. कार्ब्युरेटरवरील मंद गतीची सुई (त्या गतीला पेट्रोल किती जावे हे ठरवणारा स्क्रू) अलगद, जोर न लावता पूर्ण बंद करून दीड फेरा उघडावी. इंजिन तापल्यावर ती एका वेळी एक अष्टमांश फेराच आत घ्यावी आणि दर वेळी पंधरा सेकंद थांबून आवाज ऐकावा. कार्ब्युरेटरमधून शिंक आल्यासारखा फट् आवाज आला, की मिश्रणात पेट्रोल कमी पडले. तेथून सुई पाव फेरा उलट फिरवून उघडावी.