पुणे करारात जागा वाढल्या, मग तक्रार कशाची?

प्रश्न : १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील अस्पृश्य वर्गाच्या जागा ७१ वरून १४८ झाल्या. तरीही डॉ. आंबेडकर पुढे त्या कराराबद्दल असमाधानी का राहिले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले आकडे बरोबर आहेत, पण खरा वाद जागा किती यापेक्षा त्या जागेवर बसणारा माणूस कोणाच्या मतांवर निवडून येणार, याचा होता. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी १६ ऑगस्ट १९३२ रोजी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात (कोणत्या समाजाला कायदेमंडळात किती जागा आणि कशा, याच्या निर्णयात), जिथे स्वतंत्र, म्हणजे फक्त अस्पृश्य मतदारांचे, मतदारसंघ द्यायचे होते तिथे, अस्पृश्य मतदाराला दोन मते होती : एक स्वतंत्र मतदारसंघात आपल्या वर्गातील उमेदवाराला आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. या दुसऱ्या मताचे मोल सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यासाठी सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्य वस्तीची पायरी चढावी लागली असती.

या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतील एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडून द्यायचे, असे ठरले. आता समजा, प्राथमिक फेरीत एक जण भरघोस मतांनी पहिला आला आणि दुसरा जेमतेम चौथा. अंतिम फेरीत दोघेही एकाच रांगेत उभे राहणार, आणि तिथे बहुसंख्य असलेल्या सवर्ण मतदारांना चौथाच पसंत पडला, तर प्रतिनिधी तोच! डॉ. आंबेडकरांचा आक्षेप नेमका हाच होता, आणि माझ्या मते तो बिनतोड आहे. शिवाय ही प्राथमिक फेरीसुद्धा फार तर दहा वर्षांपुरतीच होती. राखीव जागांबाबत सार्वमत कधी घ्यायचे, यावर पाच वर्षे की दहा, अशी ओढाताण झाली आणि अखेर तो मुद्दा परस्परसंमतीवर सोडण्यात आला.

करारावर सही करणाऱ्यांत अस्पृश्य समाजातील नामांकित फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळूही होते. १९३७ च्या निवडणुकीत तेच काँग्रेसतर्फे मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले.