गोष्ट भरभरून सांगते, लिहिते मात्र दोनच ओळी: आधी अक्षर सुधारावं की लिहू द्यावं?

तुमची मुलगी दुसरीत आहे. गोष्ट तोंडी रंगवून सांगते, पण वहीत दोन ओळींवर थांबते. अक्षर गिचमिड, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ. मग आधी काय, असं तुम्ही विचारलंय. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं म्हणणं असं, की दोन्ही रोज करा, पण एकाच वेळी करू नका.

ती लिहीत असताना एकदा शेजारी बसून बघा. 'पिशवी' लिहायचंय. तोंडात आधी प येतो, कागदावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. बरीच मुलं प काढून मोकळी होतात, मग डावीकडे जागा शोधून वेलांटी कोंबतात आणि ती मागच्या शब्दाला चिकटते. पुढे 'वी'ची वेलांटी उजवीकडे. एवढ्या खटाटोपात पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं. दोन ओळींवर थांबण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं, आळस नव्हे.

अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम, व्हर्जिनिया बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते सहावीच्या ६०० मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. मुलं किती लिहितात आणि कसं लिहितात, या दोन्हींचा अक्षर नि स्पेलिंगशी जवळचा संबंध त्यात दिसला. तिथे अक्षर म्हणजे मोत्यासारखं वळण नव्हतं. वाचता येईल असं अक्षर हातून किती झरझर उतरतं, हे मोजलं होतं. आपण पालक-शिक्षक नेमके सुंदर अक्षराच्या मागे लागतो आणि मूल एकेक अक्षर कोरत बसतं.

म्हणून रोज दहाच मिनिटं सराव घ्या. वर्णमालेच्या क्रमाने नको, वळणाने घ्या: व-ब-क एकत्र, प-ष-फ एकत्र, ट-ठ-ढ एकत्र. हात कुठून सुरू होतो ते बघा. खालून वर ओढत असेल तर ती सवय आत्ताच मोडा, चौथीत फार जड जातं.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर तिच्या चुका नीट वाचा. 'फूल'ऐवजी 'फुल' लिहिणारी मुलगी निष्काळजी नसते. तिने 'फुले', 'फुलाला' वाचलेलं असतं, तिथे उकार ऱ्हस्वच आहे. शिवाय बोलताना आपल्यातले किती जण हा फरक करतात? तेव्हा अठराच्या अठरा नियम तिच्यावर लादू नका. सुरुवातीला एकच पुरे: शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ (पाणी, पिशवी, लाडू). 'आणि'सारखे थोडे अपवाद पाठच होतात. आठवड्याला तिच्याच लिखाणातले चार-पाच शब्द निवडा आणि तेवढेच घोटवा.

गोष्ट लिहिण्याची वेळ वेगळी ठेवा आणि तेव्हा लाल पेन घरात दिसू देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. चुकांवर गोल पडू लागले की मुलं फक्त येणारेच शब्द वापरतात. 'भलामोठा बैल उधळला' सांगणारी मुलगी 'बैल पळाला' लिहून मोकळी होते. हात दमला तर एक वाक्य तिने लिहावं, एक तिने सांगावं आणि तुम्ही लिहावं. मग तिलाच मोठ्याने वाचायला लावा, कित्येक चुका ती स्वतःच पकडेल.

एवढं करूनही सहा महिन्यांत फरक दिसला नाही, हात दुखतो म्हणत असेल किंवा वाचतानाही अक्षरं ओळखू येत नसतील, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.