२०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) सहा मासे आहेत, नायट्रेट ४० पीपीएम (दशलक्ष भागांत ४०) येतंय. मासे कमी करू का?

लगेच नको. आधी खाणं बघा, कारण नायट्रेट-फॉस्फेट मुख्यतः तिथूनच येतं. फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या गोठवलेल्या खाद्याचा) क्यूब थेट टाकीत सोडता का? तो वाटीत वितळवा, चहाच्या गाळणीतून गाळा आणि ते गढूळ पाणी फेकून द्या. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप आठवड्यातून दोनदा धुवा. त्याच्या मानेत तपकिरी चिकटा साचला की फेस नीट वर चढत नाही. दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला.

पण कृपा करून शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं की छान. दोन्ही शून्यावर गेले की प्रवाळ फिके पडतात, आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा बुडबुडे धरलेला तपकिरी थर पसरू शकतो. तो घालवताना जीव मेटाकुटीला येतो. फॉस्फेट रिमूव्हरसुद्धा थोडा थोडाच वापरा, एकदम उतरलेलं फॉस्फेट अ‍ॅक्रोपोरा या नाजूक प्रवाळाला सोसत नाही.

सहांत टँग (सतत पोहणारा मोठा मासा) असेल तर मात्र तो मोठ्या टाकीवाल्याला द्या, २०० लिटरमध्ये त्याला पोहायला जागाच नाही. क्लाउनफिशची जोडी, गोबी खुशाल राहू देत.