प्रश्न तुमचे : विचारात गढलेलं मूल आणि काळी शाई

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीचं चित्र फोटोवरून टाकानं काढते आहे. हनुवटी तळव्यावर टेकून ती विचारात गढली आहे. पेन्सिलीत चेहरा जमतो, पण शाई केली की मोठ्या बाईसारखा आणि रागावलेला दिसतो. असं का होतं?

उत्तर : बहुतेक वेळा याला नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ कारणीभूत असते. पेन्सिलीत ती फिकट सावली म्हणून खपून जाते, शाईत मात्र सुरकुती होते. ती काढूच नका. गालावर छटेच्या रेषाही नकोत. तिथे कोरा कागद राहू द्या आणि काळोख केसांत, मानेखाली, बाहीच्या घडीत भरा. नाकाला दोन नाकपुड्या आणि खालची एक तुटक रेघ पुरते.

डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यरेषेच्या खाली हवेत. नेमके मध्यावर आले की वय वाढलंच म्हणून समजा.

विचार दिसतो तो पापणीत. वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. बुबुळ पूर्ण गोल दिसलं की मूल दचकल्यासारखं वाटतं. चमकेचा पांढरा ठिपका बारीक ठेवा किंवा गाळा, कारण मोठ्या ठिपक्यानं ती कुणाकडे तरी पाहतेय असं भासतं. भुवया एका सलग रेघेत न ओढता बारीक फटकाऱ्यांनी काढा. आतली टोकं खाली उतरली, की तोच तुम्हाला दिसणारा राग.

हातावर डोक्याचा भार आहे हे दिसायलाच हवं. तळवा टेकलाय त्या बाजूचा गाल वर सरकतो, खालची पापणीही किंचित उचलली जाते. हे सुटलं तर हात नुसता चिकटवलेला वाटतो.

प्रश्न : नवीन नीब शाई धरत नाही, मध्येच डाग पडतो.

उत्तर : गंज चढू नये म्हणून नव्या नीबवर तेलाचा पातळ थर असतो. साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसा. शाईत नीबच्या भोकापर्यंतच बुडवा आणि बाटलीच्या काठाला टेकवून जादा शाई काढा. वॉटरप्रूफ शाई नीबवर सुकून टोकाची चीर बंद करते, म्हणून मधूनमधून ओल्या फडक्यानं पुसत राहा. ही शाई फाउंटन पेनमध्ये मात्र कधीच भरू नका. डाग पडलाच तर पूर्ण वाळू द्या. ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड, गुळगुळीत कागदावर तो ब्लेडनं अलगद खरवडता येतो, साध्या कार्ट्रिज कागदाला भोक पडतं.