मुंबईहून क्रूझने जायचे आहे; सात माणसांसाठी खोल्या कशा घ्याव्यात आणि सवलत कशी पारखावी?

तुम्ही लिहिले आहे की, यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील तुमच्या गावाहून आई-वडील, थोरल्या आत्या, तुम्ही दोघे आणि ११ वर्षांची मुलगी व ५ वर्षांचा मुलगा अशी सात माणसे, आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने, मुंबईहून निघणाऱ्या क्रूझने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊ इच्छितात. एजंटने ४० टक्के सवलत सांगून आई-वडिलांची एक, तुम्हा चौघांची एक आणि आत्यांची स्वतंत्र एक अशा तीन खोल्या सुचवल्या आहेत. या खोल्या योग्य आहेत का, सवलत खरी मानावी का आणि जहाजावरचे कोणते नियम आधी माहीत असावेत, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी आर्णीजवळच्या एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे. एकदा पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी यांच्यासह मुंबई-गोवा आणि एकदा मुलाच्या कुटुंबासह सिंगापूरहून, असे दोनदा जहाजाने गेलो आहे. त्यानंतर गावातील काही कुटुंबांची बुकिंगची कागदपत्रेही मी शेजारी बसून वाचून दिली आहेत. त्यावरून माझे ठाम मत असे आहे की, सवलतीचा टक्का पाहूच नये. सातही माणसांचे भाडे आणि सर्व शुल्क धरून शेवटचा आकडा किती होतो आणि कोणत्या पलंगावर कोण झोपणार, या दोनच गोष्टी कागदावर मांडून ठरवावे.

भाड्याची रीत आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. क्रूझचे भाडे खोलीमागे नसून माणशी असते, पण ते एका खोलीत दोन माणसे आहेत असे धरून सांगितलेले असते. त्याच खोलीत तिसरे आणि चौथे माणूस आले तर त्यांचे भाडे बरेच कमी लागते. उलट एकच माणूस राहिले तर रिकाम्या पलंगाचे भाडेही बहुधा त्याच माणसाला भरावे लागते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता केवळ हिशेबासाठी काही आकडे धरू: पहिल्या दोघांना माणशी २०,००० रुपये, तिसऱ्या-चौथ्याला १२,००० रुपये आणि बंदर शुल्क, सेवा शुल्क वगैरे मिळून माणशी ४,००० रुपये. एजंटने सांगितल्याप्रमाणे आई-वडिलांचे ४०,०००, तुम्हा चौघांचे ६४,०००, एकट्या आत्यांचे ४०,००० आणि शुल्काचे २८,००० असे एकूण १,७२,००० रुपये होतात. तेच आई-वडील एका खोलीत, आत्या, तुमच्या पत्नी आणि मुलगी दुसऱ्या खोलीत, आणि तुम्ही मुलासह तिसऱ्या खोलीत, अशी मांडणी केली तर भाडे ४०,०००, ५२,००० आणि ४०,००० असे होते आणि शुल्क धरून एकूण १,६०,००० येतात. खोल्या तीनच राहतात, माणसेही तीच असतात, पण पैसे भरलेला एकही पलंग रिकामा राहत नसल्यामुळे १२,००० रुपये वाचतात. शिवाय रात्री उठावे लागले तर आत्यांजवळ कोणीतरी असते, हे मला पैशांपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

दोन खोल्यांत सात माणसे बसवली तर याच आकड्यांनी १,४४,००० रुपयांतही भागते आणि कोणी तसा सल्ला देईलही. परंतु तो घेण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की, तिसरा आणि चौथा पलंग बहुतेक जहाजांत भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा असतो आणि त्यावर शिडीने चढावे लागते. आई, वडील आणि आत्या यांना एका खोलीत घातले, तर तिघांपैकी एका वृद्ध माणसाला त्या शिडीवर चढावे लागेल. लहान मुलालाही वर झोपवू नये. वर मांडलेल्या तीन खोल्यांच्या व्यवस्थेत वरचा पलंग फक्त ११ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला येतो, आणि तिला तो आवडेल. खोली निश्चित करण्यापूर्वी "या खोलीत खालचे पलंग किती आणि वरचे किती" हा प्रश्न एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता खोल्यांचे प्रकार. सर्वांत स्वस्त खोली आतली, जिला खिडकी नसते. त्यानंतर खिडकीची, मग बाल्कनीची आणि शेवटी सुईट, म्हणजे सर्वांत मोठी आणि महाग खोली. मुंबईहून देशांतर्गत फेऱ्या करणारे कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये बांधलेले असून भारतात २०२१ पासून चालते. त्या काळच्या जहाजांप्रमाणे त्याच्या खोल्या लहान आहेत आणि बाल्कनीच्या खोल्या थोड्याच आहेत. साध्या खोलीचा अंदाज हवा असेल तर १० बाय १२ फुटांची खोली डोळ्यांसमोर आणा आणि त्यातच न्हाणीघर व कपाट आहे असे समजा. ज्यांचे सारे आयुष्य वाड्यात, अंगणात आणि वावरात गेले आहे, त्यांना बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झालेली कळत नाही आणि जीव घाबरा होतो. माझ्या थोरल्या बंधूंनी पहिल्या रात्री दार उघडे ठेवण्याचा आग्रह धरला होता. म्हणून आई-वडिलांना खिडकीची खोली घ्या आणि उरलेल्या दोन आतल्या घ्या. थोड्याच रात्रींसाठी बाल्कनीचे जादा पैसे द्यावेत असे मला वाटत नाही, कारण वरच्या मोकळ्या डेकवरून, म्हणजे जहाजाच्या गच्चीवरून, तोच समुद्र सर्वांना दिसतो. खिडकीची खोली घेताना मात्र खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हे विचारावे. अशा अडलेल्या देखाव्याच्या खोल्या थोड्या स्वस्त असतात, पण तुमच्या कारणासाठी त्या निरुपयोगी आहेत.

खोलीची जागा हा विषय एजंट टाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. जहाज लाटांवर पुढून-मागून डोलते तेव्हा टोकांची हालचाल सर्वांत जास्त असते आणि मध्यभागी ती सर्वांत कमी जाणवते. आमच्याकडच्या बैलबंडीचेच उदाहरण घ्या, चाकांच्या आसावर बसणाऱ्याला हिसके कमी लागतात आणि मागच्या टोकाला बसणारा उडतो. त्याचप्रमाणे खालचे मजले वरच्यांपेक्षा स्थिर असतात. त्यामुळे ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी, परंतु लिफ्टच्या अगदी लगत नको, आणि वर किंवा खाली नाट्यगृह, स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव असेल अशीही नको. सिंगापूरच्या प्रवासात आम्ही 'गॅरंटी' नावाची स्वस्त खोली घेतली होती. त्यात खोलीचा प्रकार निश्चित असतो, पण क्रमांक कंपनी नंतर स्वतः ठरवते. आमची खोली तलावाच्या डेकखाली आली आणि पहाटे पाचपासून डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत राहिला; मुलाची खोली दोन मजले दूर गेली ती वेगळीच. तीन खोल्या जवळजवळ हव्या असतील तर गॅरंटी खोली घेऊ नका आणि तिन्ही क्रमांक बुकिंगच्या दिवशीच पावतीवर लिहून घ्या.

सवलतीबद्दल तुम्ही विचारले आहे, तर ४० टक्के कशाचे, हे आधी विचारावे. टक्का बहुतेक वेळा मूळ छापील भाड्याचा असतो. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी यांवर तो लागू होत नाही, आणि छापील भाड्याने फारच थोडे लोक जात असतात. "मुलांचे भाडे माफ" असे लिहिलेले असले तरी मुलांचे बंदर शुल्क भरावेच लागते. जिल्ह्याच्या गावातील ज्या एजंटकडून मी पहिले बुकिंग केले, त्याने सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष भरलेल्या रकमेत मोठे अंतर पडले, कारण हे सर्व शुल्क त्याने शेवटच्या दिवशी जोडले. म्हणून मी ही सूचना आग्रहाने करतो. त्याच तारखेचा, त्याच प्रकारच्या खोलीचा भाव कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहावा, म्हणजे एजंटच्या आकड्याशी तुलना होते. एजंटला दलाली बहुधा कंपनीकडूनच मिळत असल्यामुळे चांगल्या एजंटकडून घेतले म्हणून महाग पडते असे नाही.

खरी बचत तारखेत आहे. पावसाळ्यात मुंबईहून फेऱ्या नसतात. दिवाळी, नाताळ आणि नववर्षाच्या फेऱ्या महाग असतात, शनिवार-रविवारच्या तुलनेत आठवड्यातील मधल्या दिवसांच्या स्वस्त असतात. तुमच्या वावरात कपाशीची वेचणी आटोपल्यावर आणि हरभरा काढणीला येण्यापूर्वी, म्हणजे संक्रांतीनंतरच्या आठवड्यांत, अरबी समुद्रही बहुधा शांत असतो. मुलांची शाळा काही दिवस बुडेल, एवढेच. खूप उशिरापर्यंत थांबून शेवटच्या क्षणी भाव पडेल अशी वाट पाहणे एकट्या-दुकट्याला जमते, पण ज्यांना एकमेकांजवळ तीन खोल्या हव्यात त्यांनी तसे करू नये. रद्द करण्याचे नियम तर शब्दन् शब्द वाचावेत: प्रवासाचा दिवस जितका जवळ, तितकी कापली जाणारी रक्कम मोठी, आणि अखेरच्या दिवसांत बहुधा काहीच परत मिळत नाही. तिन्ही ज्येष्ठांचे वय पाहता प्रवास विमा जरूर घ्या, कारण जहाजावरील डॉक्टरांची फी वेगळी आकारली जाते.

लक्षद्वीपबद्दल एक सावधगिरी. तिथे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरवून बेटावर नेतात. हलत्या पायरीवरून होडीत पाय टाकणे आत्यांना जमेल का याचा विचार करा, आणि समुद्र खवळला तर बेटावर उतरणे रद्द होऊ शकते हेही गृहीत धरा. गुडघ्यांचा त्रास असेल तर गोवाच बरा, कारण तिथे मार्मागोवा बंदरात जहाज धक्क्याला लागते.

जहाजावरचे नियम कडक असतात आणि ते पाळणे योग्यही आहे. शिजवलेले अन्न, दारू, इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती चालत नाही. आग ही जहाजावरची सर्वांत भयंकर गोष्ट असल्यामुळे लग्नाच्या वाढदिवसाचा दिवाही खोलीत लावू नये, ही गोष्ट आईंना आधीच समजावून सांगा. खर्रा आणि तंबाखू घरी सोडून जावे. विडी-सिगारेटसाठी ठरावीक जागा असतात आणि त्या जागांबाहेर ओढल्यास दंड होतो. जहाजावर रोख चालत नाही, सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि शेवटी एकदम भरावा लागतो, म्हणून मुलांच्या कार्डावर खर्चाची मुभा ठेवू नका. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल जहाजाच्या नेटवर्कला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते. सर्वांचे फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रोजचा शाकाहारी स्वयंपाक मिळतो, पण आत्यांचा उपवास पाळायचा असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

आणीबाणीची कवायत, जिला मस्टर ड्रिल म्हणतात, ती कोणीही टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. त्या वेळी आई-वडिलांना घेऊन खोलीपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत एकदा पायी चाला, लिफ्टने नव्हे.

मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचा, कारण जहाज थांबत नाही आणि चढण्याची वेळ निघण्याच्या बरीच आधी संपते. बडनेऱ्याहून रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि बॅलार्ड पिअर तिथून जवळच आहे. तरी गाडीला चार तास उशीर झाला तर काय, याचे उत्तर आदल्या दिवशी पोहोचण्यातच आहे. मोठ्या बॅगा बंदरावर जमा केल्या की संध्याकाळपर्यंत खोलीत येतात, त्यामुळे रोजची औषधे, चष्मे आणि कागदपत्रे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मळमळीच्या गोळीबद्दल गावच्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः वडिलांना रक्तदाबाचे औषध चालू असेल तर.

देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधारकार्ड चालते; लक्षद्वीपला मात्र प्रवेश परवानाही लागतो. परंतु आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी लिहिलेली असते आणि नावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे असते. बुकिंगवरचे नाव आणि वय ओळखपत्राशी तंतोतंत जुळले नाही तर बंदरावर अडवतात. म्हणून एजंटला फोन करण्यापूर्वी सातही जणांची मूळ कार्डे समोर मांडा, नावे त्यांवरूनच उतरवून पाठवा, आणि आत्यांचे नाव माहेरचे लिहिले आहे की दुसरे काही, हे त्यांच्यासमोर बसून पाहून घ्या.