टर्कीच्या शिकारीसाठी नवशिक्याने शॉटगन कशी तयार करावी?

अमेरिकेतील वसंत हंगामात नर टर्कीवर नेम धरायचा असतो तो डोक्यावर आणि मानेवर, अंगावर नव्हे; त्यामुळे बंदूक किती मोठी आहे यापेक्षा तिचे छर्रे किती दाट आणि नेमके कुठे पडतात, हे अधिक महत्त्वाचे ठरते. 12 किंवा 20 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) साधी शॉटगन पुरते. नळीच्या तोंडाशी फुल किंवा एक्स्ट्रा फुल चोक (छर्रे एकत्र राहावेत म्हणून नळीचे तोंड अरुंद करणारा भाग) बसवावा आणि शिशाचे 4, 5 किंवा 6 क्रमांकाचे छर्रे निवडावेत. मात्र छर्ऱ्यांच्या आकाराचे नियम राज्यागणिक बदलतात, ते आधी वाचावेत.

खरी परीक्षा कागदावर होते. डोळ्यांना व कानांना संरक्षण घालून, बंदूक टेकूवर ठेवून, प्रथम 15 ते 20 यार्डांवरून हलक्या काडतुसाने बार काढावा आणि छर्ऱ्यांचा मध्य खुणेवर येतो का, ते पाहावे. मग शिकारीच्याच काडतुसाने 40 यार्डांवरून बार काढून, छर्रे सर्वांत दाट पडले असतील तिथे 10 इंच व्यासाचे वर्तुळ आखावे आणि आतली भोके मोजावीत. सुमारे 100 भोके हा रूढ निकष आहे. तेवढी भरत नसतील, तर दुसऱ्या कंपनीचे काडतूस वापरून पाहावे, कारण एकाच चोकमधून दोन काडतुसांचे छर्रे अगदी वेगळे पसरतात. तरीही जमले नाही, तर 30 यार्डांपलीकडे बार काढूच नये. जखमी पक्षी निसटणे फार वाईट.

नळीवरच्या मण्याने नेम धरताना गाल दस्त्यावरून उचलला गेला की बार वर जातो, म्हणून नवशिक्याने रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारे नेम धरण्याचे साधन) बसवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.