महिन्यातले दहा दिवस बाहेर असणाऱ्याने रीफ टँक कसा सांभाळावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामामुळे दर महिन्याला आठ-दहा दिवस बाहेर, घरी 200 लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला जिवंत कोरलचा टँक, त्यात दोन अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचे कठीण कोरल). शेजाऱ्यांकडे किल्ली असते, ते खाणं टाकतात आणि पाणी कमी दिसलं की बादलीने आरओचं पाणी ओततात. परत यावं तर कोरल मिटलेले, काचेवर हिरवं शैवाल, खारेपणा 38वर (हजार भागांत इतके भाग मीठ; हवा 35). तर आता टँकवर नजर ठेवणारा कोणता कंट्रोलर घ्यावा?

आत्ता कोणताच घेऊ नका. कंट्रोलर गडबड झाल्याचं फोनवर कळवेल, पण फोन तुमच्या हातात आणि बादली घरात. मीही बरीच वर्षं असाच सतत बाहेर असतो, आणि टँकला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: ही बंद पडली तर मी येईपर्यंत किती नुकसान होईल, आणि चालूच राहिली तर किती? लोक पहिल्या भागाची तयारी करतात. टँक बहुतेक वेळा दुसऱ्या भागाने जातात.

सुरुवात पाण्यापासून, कारण तुमचा खरा घोळ तिथेच आहे. बाष्पीभवनात फक्त गोडं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज तीन लिटर उडत असेल तर दहा दिवसांत तीस. 35चा खारेपणा 41च्या पुढे जातो. शेजाऱ्यांनी पाच दिवसांनी एकदम पंधरा लिटर ओतलं तर तो तासाभरात खाली आपटतो. कोरलना 34 चालतं, 36ही चालतं. हा झोका सोसत नाही. म्हणून ऑटो टॉप-ऑफ हवाच: पातळी उतरली की कॅनमधून आपोआप गोडं पाणी भरणारा पंप.

पण आता दुसरा भाग बघा. दहा दिवस पुरावं म्हणून तुम्ही शेजारी 35 लिटरचा कॅन ठेवलात. संपमधला (टँकखालच्या यंत्रांच्या टाकीतला) फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच, खालीच अडकला. अडकायला फार काही लागत नाही, मिठाची खरपुडी साचते किंवा एखादी गोगलगाय काचेवरून चढून नेमकी फ्लोटच्या डोक्यावर बसते. पंप समजतो पाणी कमीच आहे, आणि अख्खा कॅन टँकमध्ये रिकामा करतो. खारेपणा 30च्या खाली, वर फरशीवर पाणी. तोच कॅन 10 लिटरचा असता तर खारेपणा 33च्या आसपास थांबला असता आणि कोणी मेलं नसतं. माझा सल्ला म्हणून सरळ आहे: कॅन लहान ठेवा आणि शेजाऱ्यांना दर तिसऱ्या दिवशी तो खुणेपर्यंत भरायला सांगा. बादली टँकमध्ये ओतण्यापेक्षा हे त्यांनाही सोपं. ज्यांच्याकडे कोणी येणारंच नाही त्यांनी डोसिंग पंपाने (ठरलेल्या वेळी मोजून द्रव सोडणारा पंप) रोज ठरलेलं पाणी थोडं थोडं सोडावं, किंवा दोन फ्लोटचा टॉप-ऑफ घ्यावा: एक रोजचा, दुसरा वरच्या पातळीला पंपाची वीज तोडणारा. नळीचं टोक संपच्या पाण्यात बुडवू नका, कॅनमधल्या पातळीपेक्षा वर ठेवा. कॅनमधली पातळी टोकापेक्षा वर असेल तर पंप थांबल्यावरही सायफन चालूच राहतो. आणि टॉप-ऑफच्या पाण्यात कॅल्कवासर (चुन्याचं पाणी) मिसळत असाल तर प्रवासात ते बंद. अडकलेल्या फ्लोटबरोबर पीएचही वर जाईल.

याच साखळीत स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली मळी काढणारं यंत्र, येतो. तो उतू गेला आणि त्याच्या कपाची नळी संपबाहेरच्या उघड्या भांड्यात सोडलेली असेल, तर खारं पाणी बाहेर जातं, संपची पातळी उतरते, टॉप-ऑफ इमानदारीने गोडं पाणी भरतो. दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करतात आणि टँकचा खारेपणा घसरत राहतो. निघण्याआधी स्किमर जरा कोरडा लावा, म्हणजे कपात दाट, काळपट मळी कमी प्रमाणात येईल. नळी झाकणबंद बरणीत सोडा. बरणी भरली की विषय संपला. स्किमरची मान आदल्या रात्री धुऊ नका, दोन-तीन दिवस आधी धुवा, कारण धुतल्यावर तो काही काळ लहरीपणा करतो.

हीटरचंही तेच. त्याचा थर्मोस्टॅट निकामी होतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच चिकटतो. 200 लिटरला एक 300 वॅटचा लावण्यापेक्षा 100 वॅटचे दोन लावा, आणि दोन्ही एका स्वतंत्र तापमान-नियंत्रकाला जोडा. नियंत्रक 26 अंशांवर, हीटरची स्वतःची चकती 27वर. एक मेला तर दुसरा तग धरतो, एक चिकटला तर नियंत्रक वीज तोडतो. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा. उलट बाजूही लक्षात घ्या: बंद घर तुम्ही असतानाच्या घरापेक्षा गरम होतं. पाणी दिवसेंदिवस 30च्या वर राहिलं तर कोरल अंगातली शैवालं टाकून पांढरे पडायला लागतात. पंखा लावून थंड करणार असाल तर बाष्पीभवन वाढतं, तेव्हा वरचा टॉप-ऑफचा हिशेब पुन्हा मांडा.

वीज गेली तर आधी ऑक्सिजन संपतो, बाकीचं नंतर. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप किंवा बॅटरीवर चालणारा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी घुसळणारा पंप) एवढं पुरे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर, हीटर नको.

आता हिरवं शैवाल. खात्रीने सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय खाण्यावर. शेजारी वाईट नसतात, प्रेमळ असतात. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडतो आणि चिमूट मोठी होते. औषधाच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा मिळतो ना, त्याच्या एकेका खणात एका वेळचे दाणे भरून ठेवा आणि उरलेल्या खाण्याचा डबा कपाटात कुलपात. दोन दिवसांनी एक खण. निरोगी मोठे क्लाउनफिश काही दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही; न खाल्लेल्या अन्नाने पाणी मात्र नक्की बिघडतं. अँथियाससारख्या दिवसातून अनेकदा खाणाऱ्या माशांचं गणित वेगळं, ते तुमच्यासारख्याने पाळूच नयेत. ऑटो फीडर लावायचा तर दाणेदार खाणं घाला. पापुद्रे टँकच्या वाफेने ओले होऊन भोकाशी गोळा होतात, मग चार दिवस काहीच पडत नाही आणि पाचव्या दिवशी लगदा पडतो.

शेजाऱ्यांसाठी एकच कागद, मोठ्या अक्षरात. प्रत्येक प्लगवर चिठ्ठी, टॉप-ऑफच्या पंपावर लाल. मेलेला मासा दिसला तर जाळीने काढा, फरशीवर पाणी दिसलं तर लाल चिठ्ठीचा प्लग काढा, बाकी कशालाही हात न लावता फोटो पाठवा. कॅमेरा लावणार असाल तर टँककडे नको, संपकडे लावा. पाण्याची पातळी, स्किमरचा कप आणि तापमानाचा आकडा एका चौकटीत दिसले की अर्धी काळजी मिटते. कोरलचा फुललेला देखावा बघून यातलं काहीच कळत नाही.

निघण्याच्या आठवड्यात टँकमध्ये नवं काही येता कामा नये: मासा नाही, कोरल नाही, दिव्याची नवी सेटिंग नाही. पाणी बदलायचं तर दोन-तीन दिवस आधी. आणि एक तालीम करा. शनिवार-रविवार घरीच राहा पण टँकला हात लावू नका. मधेच मेन बंद करून बघा: रिटर्नच्या (संपमधून टँकमध्ये पाणी नेणाऱ्या) नळीतून उलटं येणारं पाणी संपमध्ये मावतं का, आणि वीज आल्यावर सगळं आपणहून सुरू होतं का. काही स्मार्ट प्लग वीज परत आल्यावर बंदच राहतात, हे घरी असताना कळलेलं बरं.

राहिले तुमचे दोन अ‍ॅक्रोपोरा. झोआ, मशरूम, लेदर हे मऊ कोरल तुमच्या वेळापत्रकात आनंदाने जगतील. अल्कलिनिटीची, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या पाण्यातल्या कार्बोनेटची, त्यांची भूक थोडी असते. अ‍ॅक्रोपोरा वाढीला लागले की अल्कलिनिटी रोज खातात. दिवसाला 0.5 डीकेएच (तिचं एकक) धरली तरी दहा दिवसांत 8.5वरून 3.5, निदान कागदावर. म्हणजे डोसिंग पंप आला, त्याच्या नळ्या झिजतात म्हणून दर काही महिन्यांनी मापून बघणं आलं, अल्कलिनिटी आणि कॅल्शियमचे डोस वेगवेगळ्या वेळी देणं आलं. एवढ्यासाठी दोन फांद्या? मी त्या घरी असणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकेन. ठेवायच्याच असतील तर डोसिंगच्या बाटल्यांत प्रवासापुरतंच द्रावण भरा, कारण तोही पंप अडकू शकतो.

परत आल्यावर लगेच बाही सावरून पाणी बदलायला घेऊ नका. आधी खारेपणा मोजा, रिफ्रॅक्टोमीटर 35च्या द्रावणाने तपासून घेऊन. मग तापमान, मग अल्कलिनिटी. खारेपणा 38 निघाला तर दोन-तीन दिवसांत हळूहळू 35वर आणा. अल्कलिनिटी दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. काच त्याच दिवशी घासली तरी चालेल.